हडपसरला खाल्लेली शेवभाजी

श्वास आत जाईना आणि बाहेरही येईना. रस्सा घशातून नाकात चढला होता. टेबलाची कड धरून मी उभी राहिले तशी मागची खुर्ची आडवी पडली. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, तोंडात पदर कोंबलेला, आणि कानात नुसता घूं आवाज. त्या आवाजातूनही लोकांचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"पाणी द्या, पाणी!"

"पाणी नको, अजून भडकेल. गूळ आणा."

"अहो, पाठीत थाप मारा कुणीतरी."

"बाईमाणूस आहे. हात कोण लावणार?"

कुणी लावला नाही. हॉटेलात सगळे पुरुष होते, कारखान्यातून जेवायला आलेले. ते ताटांवरून उठले, माझ्याभोवती उभे राहिले आणि उभेच राहिले. वाढपी हातात रश्श्याची बादली धरून ओरडला, "यांच्याबरोबर कोण आहे?" सगळे एकमेकांकडं बघायला लागले. त्यानं पुन्हा विचारलं, "कोण आहे का बरोबर?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी हात हलवून नाही म्हटलं.

मरणार असं वाटलं तेव्हा देव आठवला नाही. आठवलं ते हे, की पिशवीत मुलाचं पत्र आहे आणि त्यावर त्याचा जळगावचा पत्ता आहे. हे लोक त्याला तार करतील की तुमची आई हडपसरला शेवभाजी खाताना गेली. तो म्हणेल, काहीतरी चूक झाली आहे, माझी आई तिखट खात नाही.

मग मी मूठ वळली आणि छातीवर स्वतःच तीन-चार बुक्क्या घातल्या. शेवेचा एक तुकडा बाहेर पडला. अर्ध्या बोटाएवढाही नव्हता. श्वास आला. कुणीतरी खुर्ची उचलून ठेवली आणि मी बसले.

मी त्या हॉटेलात का गेले ते सांगते.

मी नारायण पेठेत एका खोलीत राहत होते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. पेठेतल्या तीन घरांत स्वयंपाक करत होते. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढं कुणी घातलं नाही, त्यामुळं दुसरं काम मिळण्यासारखं नव्हतं. हे काम मला चांगलं येत होतं. आमच्या आमटीत गूळ आणि आमसूल, भाजीत ओलं खोबरं, मिरची वासापुरती. त्या तिन्ही घरांना तसंच लागत होतं.

मुलगा एकुलता. शिकला, सरकारी कचेरीत लागला आणि त्याची बदली जळगावला झाली. तिथं त्यानं स्वतःच लग्न ठरवलं आणि मला पत्रानं कळवलं. मुलगी वाईट नव्हती. तिकडचीच होती, शाळेत शिकवत होती, माझ्यापेक्षा कितीतरी शिकलेली. माझं म्हणणं एवढंच होतं की मला आधी विचारायला हवं होतं. ते मी कुणाला बोलून दाखवलं नाही. दाखवलं ते दुसऱ्या तऱ्हेनं.

लग्नाला जाताना मी डबा बरोबर नेला. मऊ भात, मेतकूट, तूप, लिंबाचं लोणचं. लग्नात विहिणीची पंगत असते. मुलाच्या आईला त्या दिवशी पाट, रांगोळी, उदबत्ती, आणि मुलीकडच्या बायका पुढं वाकून वाढतात. तशी ती माझ्यासाठी मांडलेली होती. वरण-बट्टी होती, वांग्याची घोटलेली भाजी होती, लाल तवंग असलेली. मी पाटावर बसले, पिशवीतून डबा काढला आणि झाकण उघडलं.

मुलीचे वडील समोर हात जोडून उभे होते. म्हणाले, "विहीणबाई, एक घास तरी घ्या. तिखट कमी घालायला सांगितलंय."

मी म्हटलं, "आम्हाला तिखट चालत नाही."

ते तिथंच उभे राहिले. मी मेतकूट-भात संपवला, डबा पुसला आणि उठले. माझ्या शेजारी बसलेली माझी नणंदसुद्धा मान खाली घालून बट्टी खात होती. परतताना गाडीत ती मला म्हणाली, "वहिनी, तुमची कमाल आहे." ते कौतुक नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं.

त्यानंतर मुलगा दिवाळीला दोन दिवस यायचा. पहिल्या वर्षी सून बरोबर आली, नंतर एकटाच यायला लागला. पत्रं यायची, त्यात सगळं बरं असायचं. नातू झाला तेही पत्रातच कळलं. असं पाच-सहा वर्षं चाललं.

मग तीन घरांतलं एक घर सुटलं. ती मंडळी पेठ सोडून नदीपलीकडं फ्लॅटमध्ये गेली, तिथपर्यंत चालत जाणं मला जमेना. त्याच सुमाराला गुडघा सुजला आणि मी आठ दिवस खोलीत पडून होते. शेजारीण सकाळी डोकावून जायची, "हो का, बरं नाही का?" म्हणायची आणि जायची. तिचीही घाई असे. त्या आठ दिवसांत मी दिवसभरात चार शब्दसुद्धा बोलत नव्हते. पाचव्या दिवशी दूधवाला आला तेव्हा माझा आवाज फुटेना. त्याला वाटलं घसा बसलाय. घसा ठीक होता, वापरला नव्हता.

बरी झाल्यावर मी मुलाला हे लिहिलं. रडगाणं गायलं नाही, जे झालं ते लिहिलं. त्याचं पत्र आलं. त्यात शेवटी होतं, "तुला इकडे येऊन राहायचं असेल तर ये. पण इथं सगळं तिखट असतं आणि तुला तिखट चालत नाही. जमेल का, याचा नीट विचार कर."

मी ते पत्र पुष्कळदा वाचलं. मला जायचं होतं. हे मी इथं स्पष्ट सांगते, कारण त्या वेळी मी कुणालाच सांगितलं नव्हतं. घरात दुसऱ्या माणसाचा वावर असावा, कुणीतरी दार वाजवल्याशिवाय आत यावं, एवढ्यासाठी मला जायचं होतं. त्यानं विचारलं होतं जमेल का. मला वाटलं, विचारलंय तर आधी बघायला पाहिजे. उगाच हो म्हणून जायचं आणि तिथं पुन्हा डबा उघडून बसायचं, हे मला नको होतं.

मी ज्यांच्याकडं स्वयंपाक करत होते त्यांतले एक साहेब हडपसरच्या कारखान्यात होते. जेवताना ते बायकोला सांगत होते, "आमच्या फाटकासमोर एक खानदेशी हॉटेल निघालंय. आमचा एक जण परवा शेवभाजी खाऊन आला, तो काल रजेवर."

मी पोळी वाढता वाढता विचारलं, "कुठल्या फाटकासमोर?"

ते हसले. "तुम्हाला कशाला हो? तुम्ही आमटीत गूळ घालणाऱ्या. तिथं जाल तर आम्हाला उद्यापासून उपास."

बाई म्हणाल्या, "अहो, त्यांना चेष्टा नाही आवडत."

खरं तर चेष्टेचं मला काही नव्हतं. फाटक कुठलं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते मी नंतर हडपसरच्या बसमध्ये कंडक्टरला विचारलं. पेठेच्या जवळ असं काही मिळालं असतं तरी मी गेले नसते. एकटी बाई, त्यात स्वयंपाक करणारी, हॉटेलात जेवायला बसलेली कुणी पाहिली असती तर संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेत झालं असतं.

गुरुवारी दुपारी दोन्ही घरचं आटोपून मी निघाले. पत्र्याचं छप्पर, चार लाकडी टेबलं, बाहेर खडूनं लिहिलेला फळा. आयुष्यात हॉटेलची पायरी मी त्याआधी एकदाच चढले होते, तेही नवऱ्याबरोबर चहा घ्यायला. आत गेले तर सगळ्यांनी वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. वाढपी माझ्याच वयाचा होता, खांद्यावर पंचा. त्याला वाटलं मी कुणाला तरी शोधत आले आहे.

"कोण पाहिजे मावशी?"

"जेवायचंय."

"पार्सल?"

"इथंच. शेवभाजी."

त्यानं मला कोपऱ्यातलं टेबल दिलं आणि भिंतीकडं तोंड करून बसायला सांगितलं. चांगल्या मनानं सांगितलं असावं. मी भिंतीकडं तोंड करून बसले.

ताट आलं. भाकरी, कांदा, हिरव्या मिरचीचा ठेचा, लिंबाची फोड, आणि वाटीत काळपट लाल रस्सा. वर बोटभर तेल. त्यात जाड शेव बुडत चालली होती. वास मात्र चांगला होता. खोबरं आणि कांदा काळे होईपर्यंत भाजलेले, त्यात धणे, लवंग, दगडफूल. स्वयंपाक करणाऱ्या बाईला तेवढं कळतं. मला वाटलं होतं नुसतं तिखट असेल, चव नसेल. तसं नव्हतं.

पहिल्या घासाला कानशिलं गरम झाली. दुसऱ्याला नाक वाहायला लागलं. तिसऱ्या घासानंतर जीभ आहे की नाही ते कळेना, पण घास खाली जात होता. मी मनात म्हटलं, जातंय. लहान मुलांना मोजायला शिकवतात तशी मी घास मोजत होते. भाकरी अर्धी झाली आणि वाटी संपली. पानात काही टाकायचं नाही हे लहानपणापासून अंगात, म्हणून वाटी बोटानं पुसून घेतली. मला वाटलं, झालं. परीक्षा झाली. पास.

तेवढ्यात वाढपी बादली घेऊन आला आणि वाटी भरून गेला.

मी बघत राहिले. त्याला हाक मारावी असं वाटलं, पण तो पुढच्या टेबलाला गेला होता. वाढलेलं टाकायचं कसं? मी खायला लागले. दुसरी वाटी कशी संपवली ते माझं मला माहीत. डोक्यातून घामाच्या धारा मानेवर येत होत्या, ओठ सुजल्यासारखे झाले होते. संपवली, पुसली. तो आला आणि तिसरी भरली. आता मला राग आला. त्याच्यावर की माझ्यावर ते सांगता येत नाही. तीही संपवली. तो चौथी भरून गेला तेव्हा मी ठरवलं की एका दमात पिऊन मोकळं व्हायचं. वाटी तोंडाला लावली, आणि मग तो ठसका.

श्वास परत आल्यावर वाढप्यानं गुळाचा खडा आणला. लोक आपापल्या ताटांवर गेले. तो माझ्या समोर उभा राहिला. घाबरला होता.

"मावशी, नको होतं तर सांगायचं ना."

"सांगणार कधी? तुम्ही वाढून मोकळे."

"वाटी रिकामी दिसली म्हणजे पाहिजे असं आम्ही समजतो."

"मीपण तसंच समजते. जन्मभर वाढतेच आहे."

"मग हात आडवा करायचा ना मावशी! असा. एवढं तर पोरंसोरंही करतात."

त्यानं ताटावर हात धरून दाखवला. मला काय तो हात माहीत नव्हता? माझ्या पळीखाली हजारो हात आडवे झाले असतील. साहेबांचा, त्यांच्या पाहुण्यांचा, माझ्या नवऱ्याचा, मुलाचा. पण माझ्या ताटावर मी कधी धरला नव्हता. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात उरेल ते मी स्वतःच घेऊन खायची. तिथं कोण भरणार आणि कुणाला थांबवायचं? त्याला हे सगळं सांगत बसले नाही. म्हटलं, "राहिलं लक्षात यायचं."

तो जरा हसला. "पण तीन वाट्या! आमच्याकडचे जावई दुसऱ्या वाटीला पाणी मागतात. तुम्ही तिकडच्या का मूळच्या?"

"नाही. मुलगा तिकडे आहे. जळगावला."

"अरे वा! मग तुमचं जाणंयेणं असेल."

"लग्नाला गेले होते."

"मग लग्नात खाल्ली असेल ना वरण-बट्टी, घोटलेली वांगी. त्यांच्यापुढं हे काहीच नाही."

मी म्हटलं, "खाल्ली."

आयुष्यात मी फार खोटं बोललेली नाही. ते एक बोलले, आणि तेही एका अनोळखी माणसाशी, ज्याला त्याचं काही नव्हतं. तो बिचारा खूश झाला. आपल्या गावाकडचं भरीत, काड्यांच्या जाळावर भाजलेलं, ते कसं करतात ते सांगायला लागला. मी ऐकलं. कित्येक दिवसांत माझ्याशी कुणी इतका वेळ बोललं नव्हतं. मग त्याला पलीकडून हाक आली आणि तो गेला.

बसमध्ये माझं पोट जळत होतं आणि मी खूश होते. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, पण होते. दोन दिवस आजारी पडले, ताकावर राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलाला पत्र लिहिलं. मला लांबलचक लिहिता येत नाही. लिहिलं, "तू विचारलंस तिखट जमेल का. मी स्वतः हॉटेलात जाऊन शेवभाजी खाऊन बघितली. तीन वाट्या खाल्ल्या. जमतं. कधी येऊ ते कळव." ठसक्याचं लिहिलं नाही.

पत्र टाकल्यावर मी तयारी केली. लोखंडी ट्रंक काढून पुसली. दोन्ही घरी सांगून ठेवलं की मी कदाचित मुलाकडं जाईन, दुसरी बाई बघून ठेवा. साहेब म्हणाले, "जा, जा. तिकडे सुनेला गुळाची आमटी शिकवा." बाई मात्र म्हणाल्या, "आमच्यात तुम्ही इतकी वर्षं होतात." होतात, असं म्हणाल्या. मी अजून तिथंच उभी होते, हातात पोळपाट होता.

उत्तर यायला दीड महिना लागला. आंतर्देशीय पत्र, बारीक अक्षरात भरलेलं. कचेरीत काम फार आहे, नातवाला गोवर येऊन गेला, उन्हाळा यंदा कडक आहे. मग लिहिलं होतं, "तू एकटी हॉटेलात जेवायला गेलीस हे वाचून वाईट वाटलं. या वयात असं काही करू नये. कुणी ओळखीचं भेटलं असतं तर काय म्हटलं असतं? सध्या इथली जागा लहान आहे. पुढं बघू."

म्हणजे त्यानं तिखटाचं विचारलं होतं ते मी नाही म्हणावं म्हणून. मला नाही म्हणायला सोपं जावं म्हणून त्यानं माझंच कारण माझ्या हातात दिलं होतं. मी ते खरं समजून बस पकडून हडपसरला गेले.

पत्राच्या खाली, घडीच्या जागेवर, सुनेच्या अक्षरात दोन ओळी होत्या. "आईंना सा. न. वि. वि. तुम्ही तीन वाट्या खाल्ल्यात हे वाचलं. लग्नात एक घास घेतला असतात तर चाललं असतं. बाबा अजून विचारतात, विहीणबाई जेवल्या का."

मला तिचा राग आला नाही. तिनं लिहिलं त्यात खोटं काय होतं? मुलानं कारणं लिहिली, तिनं खरं लिहिलं. तिला उत्तर लिहावं म्हणून मी दोनदा पेन घेऊन बसले. एकदा "चि. सौ. सूनबाईंस" एवढं लिहूनही झालं. पुढं काय लिहायचं ते सुचलं नाही. क्षमा मागायची म्हटलं तर ती तिच्या वडिलांची मागायला हवी होती, आणि त्यांना पत्र लिहायचं मला धाडस झालं नाही. ते पुढं दोन वर्षांनी गेले. मला ते गेल्यावर महिन्यानं कळलं.

ते पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दोन्ही घरी सांगितलं की बाई बघू नका. एका घरानं बघितली होती, तिला त्यांनी ठेवलं. दुसऱ्यांनी मलाच ठेवलं. जागेचं पुढं कुणी काही लिहिलं नाही आणि मीही विचारलं नाही. मुलगा दिवाळीला येत राहिला. एकदा त्यानं विचारलं, "आई, तू खरंच तीन वाट्या खाल्ल्यास?" मी हो म्हटलं. तो हसला आणि पानातली आमटी ओरपायला लागला. मी त्याची वाटी पुन्हा भरली.

तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते, विधवा, चौथी शिकलेली, लोकांच्या घरी स्वयंपाक करून राहणारी. आता ऐंशी ओलांडली आहे. मी जळगावला राहायला गेले नाही. नारायण पेठेतच आहे, एकटी.